कजाग बाईचा कैवार

खाष्ट सासू शेवटच्या पानावर सुनेचा हात धरून रडली, की आमचे टीकाकार नाक मुरडतात. ‘हृदयपालटाचा स्वस्त शेवट’ हा शिक्का त्यांच्या टेबलावर शाई लावून तयारच असतो. ती कथा पदराने डोळे टिपत वाचणारी गृहिणी, बसस्थानकावर उभ्या उभ्या ती संपवणारा कंडक्टर, मधल्या सुटीत ती एकमेकींना सांगणाऱ्या मुली, या सर्वांना ती आवडली, हाच त्यांच्या लेखी कथेविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा! दिवाळी अंकांच्या परीक्षणांतून हा न्याय वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी तो मुकाट ऐकून घेतला आहे. यंदा मात्र मान वर करून चार शब्द बोलायचे मी ठरवले आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका लहानशा खाजगी शाळेत मी मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा माझ्या मताला प्रबंधाचे वजन कोणी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण चाळिशी उलटली, आणि आजवरचे सारे आयुष्य अमरावती आणि अकोला या दोन गावांच्या मध्ये गेले. मूर्तिजापूरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहताना, लग्नाच्या मांडवात भाजी निवडताना, वाचनालयाच्या खिडकीशी पुस्तक बदलताना या गोष्टी कोण वाचते आणि कशासाठी वाचते, हे मी पाहिले आहे. वाचणाऱ्यांच्या बाजूने साक्ष द्यायला एवढे भांडवल पुरेसे असावे.

ज्या कथांचा कैवार मी घेते आहे त्यांची जात आधी सांगते. अशा कथेत एक दुष्ट बाई असते. ती सासू असेल, नणंद असेल, सावत्र आई असेल, नाहीतर व्याजाने पैसे देणारी आळीतली आजीबाई असेल. तिने खरोखरच कोणाचे तरी वाईट केलेले असते. पुढे ती बदलते. आणि तिला बदलवणारा कोणी राजा, साधू किंवा न्यायाधीश नसतो. असते ती घरातली मुकी सून, धुणेभांडी करणारी बाई, शाळेतला शिपाई किंवा शेजारचा शिंपी. वाईट बाई आणि साधा माणूस, एवढ्या दोघांच्या बळावर ही कथा उभी राहते, आणि तिने वाचकांची मने पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवली आहेत.

आमच्या वऱ्हाडात तिचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. भुलोबा-भुलाबाईची मातीची जोडी मांडून मुली घरोघर फिरतात, टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे तो ओळखतात. या गाण्यांतली खलनायिका ठरलेली आहे. सुनेला माहेरी जायचे असते. सासू कामामागून काम पुढे टाकते. नणंद चहाड्या सांगते. आता गंमत पाहा. ही गाणी म्हणणारी दहा वर्षांची पोर स्वतः कोणाची तरी नणंद असते! तिची वहिनी दाराशी उभी राहून ते गाणे ऐकते आणि गालातल्या गालात हसते. पोरीच्या तोंडून पोरीचेच गाऱ्हाणे, आणि तेही खिरापतीसकट. उद्या ही पोर सून होईल, परवा सासू होईल. एकाच जन्मात तिन्ही सोंगे जिला घ्यायची आहेत, तिला ‘दुष्ट’ आणि ‘सुष्ट’ अशी दोन वेगळी माणसे असतात हे पटणार कसे? दुष्ट बाई सुधारते ही गोष्ट टीकाकाराला अशक्य वाटते, कारण तो ती बाहेरून वाचतो. आमच्या बायकांना ती शक्य वाटते, कारण तिथे पुढेमागे आपलीच पाळी आहे हे त्यांना ठाऊक असते.

श्रावणातल्या कहाण्या घ्या. जिवतीच्या कहाणीत निपुत्रिक राणी सुईणीला फितवते आणि एका गरीब ब्राह्मणीचे नुकते जन्मलेले मूल पळवते. बाळंतिणीच्या कुशीत ठेवते वरवंटा. याहून काळे कर्म ते कोणते? पण त्या गरीब बाईने राणीला शाप दिला नाही, राजवाड्यावर धोंडे मारले नाहीत. माझे बाळ असेल तिथे खुशाल असो, एवढेच मागणे तिने जिवतीकडे मागितले आणि अक्षता टाकल्या. त्या अक्षता राजवाड्यात मुलाच्या डोक्यावर पडत राहिल्या. मुलगा मोठा झाला, राजा झाला, त्याला आपली आई ओळखू आली आणि त्याने आईबापांना आणून मानाने ठेवले. राणीचे पुढे काय झाले? मी ऐकली त्या रूपात तरी तिला सुळी दिल्याचा उल्लेख नाही. जिच्यावर अन्याय झाला तिच्या हाती कथेचा दोर दिला आहे, आणि ती तो सूड उगवायला वापरीत नाही. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सूनही देवाजवळ सासरच्यांचा नाश मागत नाही. मला त्यांची आवडती कर, असे मागते. शेकडो वर्षे बायका हातात अक्षता धरून या कहाण्या ऐकत आल्या. त्या सगळ्या भोळ्या आणि परीक्षण लिहिणारा तेवढा शहाणा, असे मानायला मी तयार नाही.

पण कहाण्या सोडून मोठ्या परंपरेकडे, पुराणांकडे आणि इतिहासाकडे वळले, की मला एक विचित्र गोष्ट दिसते. पुरुषाला वर यायला शिडी आहे, बाईला नाही. वाटमारी करणारा वाल्या कोळी वाल्मीकी झाला. अजामिळ शेवटच्या घटकेला मुलाला हाक मारता मारता नारायणाचे नाव घेऊन बसला आणि तरला. बौद्धांच्या गोष्टीत माणसांची बोटे तोडून माळ घालणारा अंगुलिमाल भिक्षू झाला. बायकांत शोधू गेले तर भागवतातली पिंगला सापडते. पण बिचारीने कोणाचे घर जाळले नव्हते. पाप करून वर आलेली बाई हाताच्या बोटांवर मोजावी लागते.

इतिहासातले उदाहरण तर रोज आपल्या तोंडी असते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना. पण लोकांच्या जिभेवर कोण राहिले? ‘ध’ चा ‘मा’ करणारी आनंदीबाई! तो अक्षरबदल तिनेच केला याला भक्कम पुरावा नाही, असे अनेक अभ्यासक सांगत आले. तरी लबाडीला ‘ध’ चा ‘मा’ म्हणण्याची आपली सवय काही सुटत नाही. उलट राघोबादादा 1758 च्या उत्तरेच्या मोहिमेमुळे ‘राघोभरारी’ झाले, आणि ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा अभिमानाचा वाक्प्रचार होऊन बसला. एका जोडप्याने मराठीला दोन वाक्प्रचार दिले. नवऱ्याच्या वाट्याला झेंडा आला आणि बायकोच्या वाट्याला कपट. भाषाच जिथे अशी वाटणी करते, तिथे एखाद्या साध्या कथेने दुष्ट बाईला परत यायची वाट करून दिली तर बिघडले कुठे?

वाल्याच्याच गोष्टीत एक जागा आहे, तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही. नारदांनी विचारले, तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का? वाल्या घरी गेला. बायकोने सांगितले, नाही. त्या ‘नाही’ने वाल्या हलला. नारदांनी प्रश्न दिला, रामनाम दिले, हे खरे. पण फिरवले त्याला चुलीपुढे बसलेल्या त्या बाईच्या उत्तराने. तिला गोष्टीत नावसुद्धा नाही. माझ्या मते या जातीच्या सगळ्या कथांची ती आद्य नायिका आहे. खलाला वळवणारे माणूस बहुधा असेच असते. त्याच्याच घरात, त्याच्याच ताटात जेवणारे आणि एके दिवशी ‘नाही’ म्हणणारे.

इथवर माझे भांडण टीकाकारांशी झाले. आता दुसऱ्या पक्षाकडे वळते, आणि हा पक्ष लिहिणाऱ्यांचाच आहे. खलनायिकेला न्याय द्यायचा म्हणून तिला धुऊन पांढरी करण्याची एक टूम अलीकडे निघाली आहे. शूर्पणखा बोलू लागते, कैकेयी बोलू लागते, आणि तीनशे पानांनंतर कळते की तिने काहीच केले नव्हते. सगळे दुसऱ्याच कोणीतरी केले होते. ही लाट जगभर आहे. 2014 साली हॉलिवूडने झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीतली शाप देणारी परी घेऊन ‘मॅलेफिसन्ट’ काढला. त्यात परी प्रेमळ निघाली आणि राजकन्येचा बाप राक्षस. 2022 साली ‘कैकेयी’ नावाची इंग्रजी कादंबरी अमेरिकेत निघाली, आणि तिथेही राणीनेच आपली बाजू मांडली. बोलू द्यावे, कोणाही बाईला आपली बाजू मांडायचा हक्क आहे. पण एकीच्या डोक्यावरचे खापर काढून दुसऱ्याच्या डोक्यावर फोडले, याला उद्धार म्हणत नाहीत. ते वड्याचे तेल वांग्यावर झाले. जिने काहीच केले नाही तिला क्षमा कसली करायची?

जपानी गोष्टींचा एक प्रकार मात्र मला आवडला. माझ्या शाळेतल्या मुलींनीच मला तो सांगितला. तिकडे 2010 नंतरच्या दशकात अशा कादंबऱ्यांचे आणि चित्रकथांचे पीकच आले. एक साधी मुलगी जागी होते आणि पाहते तो काय, आपण एका कथेतल्या दुष्ट सरदारकन्येच्या अंगात आलो आहोत! पुढे काय होणार हे तिला ठाऊक असते: हाकलून दिली जाणार, नाहीतर मारली जाणार. मग ती काय करते? चाकरांशी नीट बोलते, शेती शिकते, जिला छळायचे तिच्याशी मैत्री करते. दुष्ट बाईच्या कातडीत साधे माणूस शिरले की तिचे नशीब बदलते, असा तो सगळा मामला. मुली म्हणाल्या, “मॅडम, आपली भुलाबाईच हाय न हे!” इतके नेमके परीक्षण मी छापील पानावर वाचलेले नाही.

कैकेयीवरून मी एकदा सातवीच्या वर्गाला निबंध दिला होता. राम वनवासातून परत आला. त्यानंतर कैकेयीचे काय झाले ते लिहा. गावागावांतून रामायण घरोघर माहीत. गदिमा आणि बाबूजींचे ‘गीतरामायण’ 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले ते अजून आमच्या ओट्यांवर ऐकू येते, आणि त्यातला आईला दोष देणारा भरत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बहुतेक मुलांनी लिहिले की कैकेयी रडली आणि रामाने क्षमा केली. एका मुलीने निराळे लिहिले. कैकेयी राजवाडा सोडून नगरात राहायला आली. नळावर रांग होती. तिला पाहून बायकांनी आपापल्या गुंडांमधली जागा बुजवली. ती तीन दिवस रिकामी घागर घेऊन परत गेली. चौथ्या दिवशी एका कोळणीने आपली गुंड बाजूला सारली आणि विचारले, “पानी भेटलं काय वो माय?” निबंध तिथेच संपला होता. अयोध्येत नळ कोठून आला, असे मी तिला विचारले नाही. दहापैकी दहा गुण दिले.

रामाची क्षमा मोठी खरी. वाल्मीकींच्या युद्धकांडात रावणवधानंतर दशरथ विमानातून दर्शन देतात, तेव्हा राम त्यांच्याजवळ मागतो ते हेच: रागाच्या भरात तुम्ही कैकेयीला आणि भरताला टाकल्याचे जे शब्द बोलला होता ते परत घ्या. केवढे मोठे मागणे! मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’ या हिंदी काव्यात चित्रकूटावर पश्चात्ताप करणारी कैकेयी उभी केली, तीही मोठ्या मनाने. पण या साऱ्या क्षमा राजवाड्यातल्या आहेत. बाई परत माणसांत आली की नाही हे ठरते नळावर. तिथे राजाज्ञा चालत नाही. कोणी तरी आपली गुंड बाजूला सारावी लागते. त्या कोळणीचेही कैकेयीमुळे नुकसान झाले होते, चौदा वर्षे तिचाही राजा नव्हता. तरी तिने विचारले. सामान्य माणूस नायक होतो तो असा. त्याच्या हाती असते एक घागरीएवढी जागा, आणि ती देणे न देणे त्याच्या मर्जीवर असते.

“पण प्रेक्षक भोळा असतो हो, त्याला नट आणि पात्र यांतला फरक कळत नाही,” असे म्हणणाऱ्यांना ललिता पवारांची आठवण करून देते. येवल्यात 1916 साली जन्मलेली ही बाई एकेकाळी नायिका होती. 1942 साली चित्रीकरण चालू असताना बसलेल्या एका थपडेने तिचा डावा डोळा अधू झाला, नायिकेची कामे संपली, आणि पुढे त्याच डोळ्याने तिने साऱ्या देशाला सासवांचा धाक दाखवला. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये बायकांनी तिच्या नावाने बोटे मोडली. त्याच बायकांनी 1959 च्या ‘अनाडी’त ओरडत ओरडत भाडेकरू पोराला जेवू घालणारी तिची मिसेस डिसा पाहून पदर ओले केले. 1987 साली दूरदर्शनवर ‘रामायण’ लागले, तेव्हा मंथरा झाली तीही हीच. लोकांनी तिन्ही रूपे ओळखली आणि तिन्ही मनात ठेवली. फरक कळत नाही तो कोणाला?

कोणी म्हणेल, वऱ्हाडची लेखिका असून तुम्ही असल्या गोड शेवटांची बाजू घेता. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचली नाही काय? वाचली आहे. 1960 सालच्या त्या कादंबरीतली कौतिक माझ्या घरच्या माणसासारखी आहे. ‘धग’ला खलनायिका लागत नाही; तिथे दारिद्र्यच माणसांना भाजून काढते, आणि शेळक्यांनी त्यावर एक थेंब पाणी शिंपडलेले नाही. मनोहर तल्हारांच्या ‘माणूस’मधला सायकलरिक्षावाला असाच कोणाच्या दयेवर उभा नाही. या पुस्तकांपुढे मी हात जोडते. पण कौतिकचे दुःख वाचून पुस्तक मिटले, की वाचणारी परत आपल्या स्वयंपाकघरात जाते आणि तिथे सासू असते. तिच्याशी उद्या सकाळी कसे बोलायचे, याचे उत्तर ‘धग’ देत नाही. तिने ते द्यायचे कारणही नाही. ते काम आमच्या साध्या कथा करतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तेव्हा शहाण्या माणसांनी तिची कमी थट्टा केली नाही. बारा वर्षे आमच्या बायका काय पाहत होत्या, हे विचारायला मात्र कोणी आले नाही.

आता या वादात खरोखर पणाला काय लागले आहे ते सांगते, कारण हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर सणाच्या दिवसांत मी तुमचा वेळ घेतला नसता.

2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली. त्यांत अमरावती आणि अकोला होते. त्याआधी आणि त्यानंतरही आमच्या गावांतून किती तिरड्या निघाल्या! कापसाला भाव नसतो, पाऊस ऐन पेरणीत दडी मारतो, 2017 सारखी गुलाबी बोंडअळी उभी पऱ्हाटी खाऊन जाते, सावकाराचे व्याज चढते. यांतल्या कोणालाही तोंड नाही. गावाला मात्र गोष्ट सांगायला एक तोंड लागते, आणि ते तेराव्याच्या आत सापडते: बायको! तिचाच खर्च जास्त होता. तिनेच भांडण केले. तिचा पायच पांढरा. वावरात विष पिऊन मेलेल्या माणसाच्या गोष्टीला गावाने खलनायिका मिळवून दिलेली असते. पुढे ती बाई हळदीकुंकवाला नको, लग्नाच्या मांडवात पुढे नको, सकाळी समोरून आली तर नको. तिने काही केले नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी घागरींमधली जागा बुजते.

म्हणून मी म्हणते की खलनायिका ही बऱ्याचदा गावाची सोय असते. आणि जिला गावाने खलनायिका केले तिला गावानेच परत घेतले पाहिजे. ते काम देवळातल्या देवाला जमायचे नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव करणारे कोण होते? पंच, शेतकरी, अंगणवाडीत मुले सोडायला येतात तशा बायका. त्यांच्या हाती घागरीएवढी जागा होती आणि त्यांनी ती दिली. ठराव कागदावर राहू नये म्हणून गावोगावी अशा गोष्टी सांगाव्या लागतील, ज्यांत टाकलेल्या बाईला साधा माणूस हात देतो. ते वळण मनाला आधी गोष्टीत लागते.

माझ्या पक्षाच्या कथांतही भुसा पुष्कळ आहे, हे मी नाकारीत नाही. वाईट कथा ओळखायची माझी खूण सांगते. दुष्ट बाईने काय केले याचा हिशेब जर लेखकाने शेवटी गुंडाळून ठेवला, तर ती कथा लबाड. आणि क्षमा करणारीला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नसेल, तर ती कथा त्याहून लबाड. सुनेने सोसावे, सोसून सासूला जिंकावे, असा उपदेश करणाऱ्या कथांशी माझे काही नाते नाही. हुंड्यासाठी जिने सुनेवर रॉकेल ओतले ती शेवटच्या पानावर हुंदके देऊन सुटत नाही. तिच्यासाठी आणि तिच्या मुलासाठी 1983 पासून कलम 498-अ होते, आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे. तिथे सुनेने पोलीस ठाण्याची पायरी चढावी, हाच तिचा नायिकापणा. वाल्याच्या बायकोने ‘नाही’ म्हटले म्हणून वाल्या सुधारला, हे पुन्हा एकदा आठवावे. क्षमेला किंमत येते ती नकाराच्या शक्यतेने. चांगल्या कथेत सून आधी ताठ उभी राहते, सासूच्या डोळ्याला डोळा भिडवते, आणि मग हात पुढे करते. तो हात आमच्या वाचकांना हवा असतो.

गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांच्या कीर्तनात राक्षस फार नसत. कर्ज काढून तेरावे घालणारा, दारू पिणारा, पोराला शाळेत न धाडणारा, असा प्रत्येकजण समोरच बसलेला असे, आणि बाबा त्यालाच प्रश्न विचारीत. खलही तोच आणि गाव झाडून काढणारा नायकही तोच. 1956 साली बाबा गेले. पण ऐकणाऱ्याला नायकाच्या जागी बसवायची त्यांची रीत आमच्या मातीतली आहे, आणि म्हणूनच अशा कथा इथल्या माणसाला परक्या वाटत नाहीत.

वाचकहो, नरकचतुर्दशीची पहाट आली आहे. नरकासुराच्या बंदिशाळेतून श्रीकृष्णाने सोळा हजार स्त्रिया सोडवल्या, ही कथा आपण अभ्यंगस्नानाच्या वेळी मुलांना सांगतो. त्यांना घर द्यायला प्रत्यक्ष कृष्णाला उभे राहावे लागले. कारण ज्या गावांतून त्या पळवल्या गेल्या, तिथले एकही दार उघडणार नाही हे त्याला ठाऊक असावे. आपल्या आळीतही अशी एखादी असेल. कोणी तिला कजाग म्हणत असेल, कोणी पांढऱ्या पायाची. कदाचित ती खरोखरच तोंडाने वाईट असेल आणि तिने तुमचे काही बिघडवलेही असेल. पाडव्याला फराळाचे ताट तिच्या दारी जाते की नाही, एवढे या वर्षी पाहा. गेले आणि तिने ते परत पाठवले, तरी हरकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. आणि टीकाकारांनी या शेवटाला खुशाल स्वस्त म्हणावे. ताटात चकली, अनारसे, करंजी घालून ते दार ठोठवायला किती जड जाते, हे त्यांनी एकदा स्वतः करून पाहावे.